पपनसाचं सरबत आणि सहा पेन्यांचा तमाशा

शिव शिव! चारचौघांत बोलू नये, पण १८७५ साली लंडनच्या सभ्य बायाबापड्यांनी आपल्या बडोद्याच्या घरातली भानगड पाच-सहा पेन्यांत विकत घेऊन टेबलावर पसरली होती. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' आणि 'ग्राफिक' ही तिथली सचित्र साप्ताहिकं. त्यांत आपला दरबार, आपली पागोटी आणि आरोपी कोण, तर खुद्द मल्हारराव महाराज गायकवाड!

आरोपही कसा, अगदी चवीचा: इंग्रज रेसिडेंटला विष घातल्याचा. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याच्या दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर सकाळचं फिरून आले, पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, पोटात कसंसं झालं म्हणून उरलेलं बाहेर भिरकावलं. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला. डॉक्टर सीवर्डनी तो तपासायला घेतला आणि त्यात निघाला सोमल! वर हिऱ्याची पूड! आता सोमलाने माणूस मरतो, हे समजण्याजोगं आहे. पण हिरा? विष घालतानाही आमचे लोक दागिने मोडतात म्हटल्यावर लंडनला आणखी काय हवं?

मग मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आले, नोकरचाकर फुटले. महाराजांची चौकशी बसली, तेव्हा त्यांनी बचावासाठी थेट विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आणवला. त्याची फी दहा हजार पौंड, अशी तेव्हापासूनची बोलवा. खरंखोटं देव जाणे, पण आकडा ऐकताच चित्र पाहायची हौस दुप्पट होते की नाही?

चित्राची गंमत तर पुढेच. तारेची बातमी लंडनला लगोलग पोचायची. कागदावरचं रेखाटन मात्र आगबोटीने आठवडे घेऊन जायचं. तिथे एकजण ते बॉक्सवुडच्या लाकडावर उतरवणार, मग ठोकळा सुटा करून तुकडे कारागिरांत वाटणार, एकाला न्यायाधीशाचं नाक, दुसऱ्याला खुर्चीचा पाय. ज्याने जन्मात मराठी पगडी पाहिली नाही, त्याने ती कोरायची! तुकडे पुन्हा जोडायचे, सांधे लपवायचे, की झालं 'प्रत्यक्ष' दृश्य. आणि लोक म्हणे डोळे फाडून बघणार, राजाच्या चेहऱ्यावर पाप दिसतं का! अहो, तो चेहरा कोरला कुणी?

चौकशीच्या न्यायासनावर मात्र बघण्यासारखी मंडळी होती. अध्यक्ष सर रिचर्ड काउच, जोडीला मीड आणि मेलव्हिल. इकडून ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. निकाल तीन विरुद्ध तीन! गोरे म्हणाले दोषी, आपले म्हणाले सिद्ध झालं नाही. सरकारने काय करावं? एप्रिलमध्ये विषाचं प्रकरण बाजूला सारून 'गैरकारभार' म्हणून महाराजांना गादीवरून काढलं आणि मद्रासला धाडलं. मग एवढं सरबत उकरलं कशाला, असं पुण्यात कुणी विचारलं असेल, तर त्याचं चित्र कोण कोरणार?

मे महिन्यात कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला. नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्याला आले. झालं! त्याच साप्ताहिकांना आता हत्ती हवेत, झुली हव्यात, जडजवाहिरांनी मढलेला पोरसवदा राजा हवा. हिरे पेल्यातून निघून गळ्यात आले, तेव्हा सहा पेन्यांत तेही बघून घ्या.