घरचं जेवण, दरपत्रकासह

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांजवळ, जबलपूरच्या थकल्याभागल्या सुखवस्तूंसाठी, एक आरोग्य-निवास आहे. त्याचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. तिथे ‘अस्सल घरगुती’ कुटकी या भरडधान्याची पेज मिळते, मातीच्या वाटीत, नर्मदेच्या वाऱ्यासह. मंडला-दिंडोरीकडचे गोंड आणि बैगा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या हीच पेज पीत आले. पण ती ‘उपचार’ आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. आमच्या कोकणातही आजारी माणसाला पेज फुकट देऊन केवढे नुकसान झाले! २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरले, सरकारने त्यांना ‘श्रीअन्न’ म्हटले आणि गरिबाच्या ताटाला अखेर प्रतिष्ठा लाभली. ताट तेवढे दुसऱ्याचे.

एकच नम्र सूचना. घरपण अजून अपुरे वाटते. एक पगारी आत्या नेमावी. तिने प्रत्येक पाहुण्याला ‘लग्नाचं काय ठरलं?’ असे विचारावे आणि पानात टाकणाऱ्याला चारचौघांत सुनवावे. जीएसटी वेगळा.

निघताना पेज रांधणाऱ्या दिंडोरीच्या बाईंना विचारले, “तुमच्या घरी काय असतं जेवायला?”

“रेशनचा तांदूळ,” त्या म्हणाल्या. “कुटकी सगळी इकडेच येते.”