स्वस्त जुनी मोटार : उगम, तपासणी आणि हस्तांतरण

स्वस्त जुनी मोटार म्हणजे दहा ते चौदा वर्षे वयाची, दीड-दोन लाखांत मिळणारी आणि जिच्या प्रकृतीविषयी "थोडंफार काम निघेल" यापलीकडे कोणी काही बोलत नाही अशी खासगी गाडी. वयाची वरची मर्यादा चौदा धरण्याचे कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन पास करून घ्यावी लागते. मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि पर्यावरण कर त्याहून वेगळा. त्यामुळे चौदाव्या वर्षी मालकाच्या आयुष्यात एकाएकी घडामोडी सुरू होतात. मुलगा परदेशी जातो, सोसायटीत पार्किंगचा वाद होतो, कंपनी गाडी देते. पंधराव्या वर्षाचा उल्लेख विक्रीच्या कारणांत सहसा आढळत नाही.

जाहिरातीची भाषा राज्यभर एकच आहे. फर्स्ट ओनर, लेडीज हँड, कंपनी मेंटेन्ड, डॉक्टरची गाडी, इंजिन सीलपॅक, फक्त बसा आणि चालवा. विक्रीला आलेल्या गाड्यांवरून अनुमान काढायचे तर महाराष्ट्रातल्या बहुतेक मोटारी डॉक्टरांनी विकत घेतल्या आणि त्यांच्या पत्नींनी दर रविवारी मंदिरापर्यंत चालवल्या. "एक रुपयाचा खर्च नाही" हे वाक्य भविष्यकाळाबद्दल आहे अशी घेणाऱ्याची समजूत असते. प्रत्यक्षात ते भूतकाळाबद्दल असते.

गाडी किती चालली हे मीटरवर लिहिलेले असते, आणि ते कोणी लिहिले हा वेगळा प्रश्न. पूर्वी मीटर पाडण्यासाठी डॅशबोर्ड उघडून आकड्यांच्या चकत्या मागे फिरवाव्या लागत. डिजिटल मीटर आल्यापासून हे काम लॅपटॉपवर होते आणि हात काळे होत नाहीत. बारा वर्षे वापरलेल्या डिझेल गाडीचा आकडा साठ हजारांच्या आसपास थांबवण्याची प्रथा आहे. डिझेल गाडी मुळात खूप फिरणारा माणूस घेतो, तिने वर्षाला पाच हजार किलोमीटर कसे काटले असतील, असे कोणी विचारत नाही. मीटर पाडणाऱ्याचे लक्ष सहसा पायाकडे जात नाही. क्लचच्या पेडलवरचे गुळगुळीत झालेले रबर, तळव्याच्या घामाने चकाकणारे स्टिअरिंग आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची दबलेली कड यांची साक्ष मीटरपेक्षा भरवशाची धरतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर नवे हा गुण म्हणून सांगितला जातो. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर बदलावे का लागले, याचे उत्तर जाहिरातीत नसते. काचांवरही सालाची खूण असते. पाच काचा एका सालच्या आणि सहावी नंतरची असेल तर "दगड लागला होता" असा खुलासा मिळतो. राज्यातल्या रस्त्यांची अवस्था पाहता तो खोटा ठरवणे अवघड आहे.

गाडी पाहायला कोणी एकटा जात नाही. मंडळात घेणारा, त्याचा मेहुणा, ऑफिसमधले एक "गाड्यांतलं कळणारे" गृहस्थ आणि एक मेस्त्री असतात. मेहुणा टायरला लाथ मारतो. या चाचणीतून नेमके काय समजते याची नोंद कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही, पण ती वगळलेली तपासणी अजून पाहण्यात नाही. गृहस्थ दरवाजा उघडतात, लावतात, आवाज ऐकतात आणि पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा कसा होता यावर बोलतात.

खरे काम मेस्त्रीचे, आणि ते त्याला येतेही. गाडी सकाळी, इंजिन गार असताना पाहावी, कारण गरम इंजिन आपली बरीच दुखणी लपवते. मंडळ पोहोचते तेव्हा बॉनेट बहुधा गरम असते, कारण मालक "आत्ताच भाजी घेऊन" आलेला असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असल्याचा, म्हणजे हेड गॅस्केटचा, संशय. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला तर तो संशय बळावतो. इंजिन चालू ठेवून तेच झाकण उघडले आणि आतून भपकारे आले तर मेस्त्री "बॅक कॉम्प्रेशन आहे" म्हणतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असाव्यात असा त्याचा अर्थ. पत्र्यावर लोहचुंबक फिरवले की जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली असते. बॉनेट आणि दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या नसतील, किंवा फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा असतील, तर गाडीने कधी काळी कोणाला तरी समोरून गाठलेले असते.

एवढे सगळे पाहून मेस्त्री हात पुसतो आणि निकाल देतो: "गाडी बरी आहे शेठ. थोडं काम काढावं लागेल." हा निकाल देताना त्याच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी असतात. गाडी नाकारली तर तपासणीचे पाचशे मिळतात. घेतली तर ती पुढची काही वर्षे त्याच्याच गॅरेजमध्ये येणार असते. गाडी त्यानेच दाखवली असेल तर विकणाऱ्याकडूनही काहीतरी सुटते. घेणाऱ्याला या वाक्यातला "बरी" हा एकच शब्द ऐकू येतो.

काही गाड्यांना वयापेक्षा भूगोल नडतो. दिल्ली परिसरात हरित लवाद आणि पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांनी दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचे चालणे बंद केले. नंतर त्या आदेशांत बरीच ढिलाई झाली, पण दरम्यान धट्ट्याकट्ट्या डिझेल गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दक्षिणेकडे निघाल्या. त्या स्वस्त असतात हे खरे. इथे पुन्हा नोंदणी करताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, ही माहिती एजंट टोकन घेतल्यानंतर देतो.

दुसरा भूगोल पाण्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. पाणी ओसरले की विमा कंपन्या बुडालेल्या गाड्या भंगार म्हणून निकालात काढतात, आणि त्यांतल्या काही नव्या सीट कव्हरांसह जिवंत होऊन, शक्यतो जिथे पूर आला नव्हता अशा जिल्ह्यात, विक्रीला उभ्या राहतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्यावर गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर गंज असतो आणि स्टेपनीच्या खळग्यात नदीची रेती सापडते. डॅशबोर्डवरच्या अत्तराचा वास जितका उग्र, तितके पाणी वर चढले होते, असा एक स्थूल नियम सांगता येईल.

मोह हा वेगळा विभाग आहे. वॅगनआर पाहायला गेलेला माणूस शेजारी उभी असलेली मोठी सेडान पाहतो. एके काळची बारा-पंधरा लाखांची गाडी, सनरूफ, लेदरची सीट, आणि भाव त्याच वॅगनआरचा. शेव्हरोलेने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले आणि तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद झाला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. अशा गाड्यांचे भाव कोसळले, कारण जुना बाजार भावुक नसतो. घेणारा असतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, ही गोष्ट त्याला पहिला हेडलाइट फुटल्यावर कळते. दोन लाखांच्या गाडीला पंधरा लाखांच्या गाडीचा सेन्सर लागतो. तो कंपनीत मिळाला नाही की मालक पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला पालथे घालतो, आणि त्याच जातीची मेलेली गाडी कुठे आहे याची चौकशी करू लागतो.

हिशेब करताना घेणारा गाडीची किंमत आणि रिक्षाचे महिन्याचे भाडे एवढ्या दोनच रकमा मांडतो. टायर, बॅटरी, क्लच प्लेट आणि सस्पेन्शनचे बुश हे एका वर्षात बदलायची वेळ आली तर किमतीचा चौथा हिस्सा सहज जातो; हा स्तंभ वहीत नसतो. विम्याचेही तसेच. जुन्या मालकाने पाच वर्षे दावा न करता कमावलेली पन्नास टक्के सूट त्याच्याबरोबर त्याच्या नव्या गाडीकडे जाते. गाडी राहते, पुण्याई जाते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये याच बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी देणे परवडत नाही, म्हणून तिचा मालक बाजारातून उठतो आणि मागे खराब गाड्या उरतात, असा त्याचा आशय. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता, त्यांपैकी दोघांच्या मते विषय क्षुल्लक होता. २००१ साली अकरलॉफ यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळाले. इथल्या व्यवहाराला मात्र हा सिद्धांत अर्धाच लागू पडतो. घेणाऱ्याला माहिती मिळत नाही, असे त्यात धरले आहे. इथे ती मिळते. झिजलेले रबर दिसते, धूर दिसतो, मेस्त्री हात पुसताना हसतो तेही दिसते. पण दोष सापडला की गाडी नाकारावी हे झाले तत्त्व; दोष सापडला की पाच हजार कमी होतात हा अनुभव. एसी थंड करत नाही, पाच हजार. खड्ड्यात डावीकडून आवाज येतो, आणखी पाच. दोष जितके जास्त निघतील तितका सौदा चांगला झाल्यासारखा वाटतो, आणि सर्वांत वाईट गाडी घेणारा घरी सर्वांत आनंदात परततो.

मुहूर्ताचा भाग थोडक्यात असा. पितृपक्षात गिऱ्हाईक नसते, त्यामुळे विकणारा नरम असतो आणि भाव पडतात. म्हणून त्या पंधरवड्यात कोणी गाडी घेत नाही. सगळे दसऱ्यापर्यंत थांबतात आणि भाव चढले की घेतात. पूजेत नारळ फोडतात आणि चाकांखाली लिंबे ठेवतात. गाडी चालू होऊन लिंबे चिरडली गेली की तांत्रिक तपासणीचा शेवटचा टप्पा पार पडला असे मानतात.

यानंतर कागदपत्रे. मालकी बदलण्याच्या ज्या अर्जांना एजंट टीटीओ म्हणतात त्यांत २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने येतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर ना-हरकतीसाठी २८ क्रमांकाचा, आणि बँकेचा बोजा उतरवायचा असेल तर ३५ क्रमांकाचा. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवावे, असे कायद्याचे ५० वे कलम सांगते. रूढी अशी की विकणारा कोऱ्या अर्जांवर सह्या करून देतो आणि ते एजंटच्या खणात पडून राहतात, कारण गाडी पुन्हा विकायची झाली तर मधल्या माणसाचे नाव चढवण्याचा खर्च वाचतो. हा खण बंद व्हावा म्हणून केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे आणि ताब्यात आलेली प्रत्येक गाडी कळवावी. तेव्हापासून पानटपरीशेजारी सहा गाड्या लावून बसलेला गृहस्थ "मी डीलर नाही साहेब, ओळखीतल्या गाड्या आहेत" असे सांगतो.

नाव न बदलल्याने होणाऱ्या घोटाळ्यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला आहे. त्या प्रकरणातली गाडी विकली जाऊन एकामागून एक हातांत फिरली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती. अपघाताच्या भरपाईचे दायित्व न्यायालयाने नोंदणीपुस्तकातल्या त्या मालकावर ठेवले. एवढे गंभीर काही घडले नाही तरी वेगमर्यादेची ई-चलने जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात, आणि गाडी कधी लोणावळ्याला तर कधी महाबळेश्वरला गेल्याचे त्याला घरबसल्या कळते. चलने थकली की हस्तांतरण अडते, मग ती कोणाच्या काळातली यावर दोघांची फोनाफोनी होते. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. तिची मुदत सरकारने इतक्या वेळा वाढवली की घेणारा ते काम विकणाऱ्याचे समजतो आणि विकणारा घेणाऱ्याचे. हे सगळे मिटल्यावर नव्या नावाचे आरसी स्मार्ट कार्ड पोस्टाने घरी येते. गाडी तेव्हा बहुधा मेस्त्रीकडे असते.