एका कोयत्याची नसबंदी

पुरुष नसबंदीचे दुष्परिणाम दोन प्रकारचे असतात: शरीराला होणारे आणि पारावर होणारे. पहिले थोडक्यात आटोपतात. बिनटाक्याच्या नसबंदीत जागा बधिर करून, बारीक छिद्रातून शुक्रवाहिनी बाहेर घेऊन कापून बांधतात. माणूस त्याच दिवशी घरी जातो. काही दिवस सूज, ठणका, काळेनिळेपणा राहतो. काहींना आत रक्त साकळते किंवा जंतुसंसर्ग होतो. शंभरात एकदोघांचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरून नंतर वीर्य तपासावे लागते. हे न ऐकणाऱ्याच्या घरी पाळणा हलला, तर संशय बायकोवर जातो. हा दुष्परिणाम वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. हृदयविकाराची भीती माकडांवरच्या प्रयोगांतून आली होती. माणसांच्या मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही.

पारावरचे दुष्परिणाम मात्र असाध्य आहेत. ताकद जाते, मोळी उचलत नाही, मर्दानगी संपते. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात मिसळते, शुक्रवाहिनीच्या वाटेला जातच नाही, ही बातमी पारापर्यंत अजून पोचायची आहे. भीतीला इतिहासही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, पुष्कळांची बळजबरीने. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच मंजूर केले होते. त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. पुरुष तेव्हा जे घाबरले, त्याची भरपाई बायका आजवर करीत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के.

बीड जिल्ह्यात हिशेब आणखी सोपा आहे. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्या नावावर, खाडा पडला की दंड दोघांना. पाळीच्या दिवसांत खाडा नको, अंगावरचे दुखणे फडात नको, म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याची वाट इथे रुळली. याच्या चौकशीसाठी नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पुष्कळजणी चाळिशीच्या आतल्या. त्यांच्या कंबरदुखीची, ठिसूळ हाडांची चर्चा पारावर होत नाही. तिथे विषय पुरुषाच्या ताकदीचा चाललेला असतो.

पुरुष नसबंदीनंतर दोन दिवस विश्रांती घ्यावी, आठवडाभर जड ओझे उचलू नये. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे पावसाळ्यात ती करून घेतली, तर एकही खाडा पडत नाही.