वेड असावं, पण शेजारच्या घरात

धुंडिराज फाळके सिनेमा काढायला निघाले तेव्हा मित्रमंडळींनी एकमुखाने निदान केलं: डोकं फिरलंय! फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. हरिश्चंद्राची राणी तारामती व्हायला एकही बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहातले साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला.

१९६९ पासून त्याच वेडाच्या नावाने सरकारी पुरस्कार दिला जातो. आपण टीव्हीवर तो सोहळा बघतो, डोळे पुसतो. तेवढ्यात आपलाच मुलगा म्हणतो, “बाबा, मला सिनेमा करायचाय.”

“कर की! आधी इंजिनीअर हो.”

वेड पूज्यच, फक्त शंभर वर्षं जुनं हवं.