ब्रश कुणाच्या हातात?

मालवाहू जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ असते. शेजारी बारीक रेघांची शिडी: उन्हाळा, हिवाळा, उष्ण कटिबंध, गोडं पाणी. ऋतू आणि पाणी पाहून जी रेघ लागू, ती बुडेल इतका माल भरायचा नाही. हीच प्लिमसोल लाइन. इंग्लंडात कॅनव्हासच्या बुटांनाही प्लिमसोल म्हणतात, कारण तळव्याला जोडणारी रबराची पट्टी त्या रेघेसारखी दिसते.

बुटांपर्यंत पोचलेलं हे नाव सॅम्युएल प्लिमसोल या डर्बीच्या खासदाराचं. त्या काळी कुजकी जहाजं गळ्यापर्यंत भरून समुद्रात लोटली जात. बुडालं तर मालकाला विम्याचे पैसे. करारावर सही केलेल्या खलाशाने चढायला नकार दिला, तर त्याला तुरुंग! 1875 मध्ये सरकारने जहाजांच्या सुरक्षेचं विधेयक गुंडाळलं, तेव्हा प्लिमसोल भर संसदेत मूठ उगारून ओरडला. लोक त्याच्या बाजूने उभे राहिले आणि 1876 मध्ये रेघ सक्तीची झाली.

पण रेघ कुठे मारायची, हे कायद्याने जहाजमालकावरच सोपवलं! ज्याला जास्त माल हवा, त्याच्याच हाती ब्रश. ही चूक दुरुस्त व्हायला 1890 उजाडलं. खलाशांसाठी खरा कायदा मी तिथून मोजतो.

जहाजावर जशी ही रेघ, तसा आपल्याकडे प्रवासी लाँचवर माणसांचा आकडा ठरलेला असतो. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. धडकेचा दोष लाँचचा नव्हता. पण 84 प्रवाशांची परवानगी असलेल्या त्या लाँचवर शंभराहून अधिक माणसं होती, हे त्यानंतर उघड झालं. अपघात झाला नसता, तर कुणी मोजलं असतं?

तिकिटाचे पैसे ज्याच्या गल्ल्यात पडतात, त्याच्याकडे डोकी मोजायचं काम नको. प्रत्येक धक्क्यावर बंदर खात्याचा माणूस उभा करा. आकडा भरला की फळी त्याने उचलायची, आणि त्याच्या सहीशिवाय दोर सुटता कामा नये. गणपतीच्या आणि सुट्टीच्या गर्दीतसुद्धा.