वतन की रोख पगार

महाड-पोलादपूर पट्ट्यात वेबसाइट बनवणाऱ्याला गिऱ्हाईक डिझाइनबद्दल फारसं विचारत नाही. "एकदाच काय ते सांग," एवढंच म्हणतं. महाबळेश्वरच्या रस्त्यावर हॉटेल चालवणारे आमचे एक शेठ. बुकिंगच्या फॉर्मच्या प्लगइनला दरवर्षी डॉलरमध्ये पैसे भरायचे, हे ऐकून त्यांचा चहा बशीतच राहिला.

"दरवर्षी? फॉर्म तोच, रंग तोच. मग पैसे कसले रे?"

वर्डप्रेसची बहुतेक प्लगइन्स जीपीएल या मुक्त परवान्याखाली येतात. वर्गणी संपली तरी फॉर्म सहसा चालू राहतो, फक्त अपडेट थांबतात. हे खरं सांगणं धंद्याला घातक असतं, कारण लगेच उत्तर येतं, "मग चालतंय की!" चालतंय खरं. पण कोडमध्ये कुठे भोक सापडलं, की नाचणीच्या भाकरीच्या फोटोखाली परदेशी जुगाराची जाहिरात लागते.

त्यात वर्गणीचा जाच आधी आम्हालाच. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापणीचे नियम कडक झाले, तेव्हापासून परदेशी वर्गणी कार्डावरून कटता कटत नाही. ओटीपी येतो तो मी आंबेनळी घाटात असताना, म्हणजे येतच नाही.

शेठना लाइफटाइमच हवं होतं. मिळतंही. वूथीम्स या वर्डप्रेसवाल्या कंपनीने तसे अपडेट विकले होते. 2013 मध्ये शब्द फिरवायला गेले, गिऱ्हाईक खवळलं, तेव्हा जुन्या लोकांपुरती माघार घेतली. 'अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स'चे जुने लाइफटाइमवाले मात्र प्लगइनचे मालक दोनदा बदलूनही सुखात आहेत. गिरगावात पागडीची खोली असलेल्या काकांकडे बघावं, तसं आम्ही त्यांच्याकडे बघतो.

शेवटी मी रायगड काढला. गड आमच्याच तालुक्यात. वादात तो हक्काने काढता येतो.

"शेठ, महाराजांचा भर कशावर होता? रोख पगारावर. नवी वतनं द्यायला ते नाखूश. एकदा वतन मिळालं की माणूस कामापेक्षा वतन सांभाळतो. वतनं वाटावी लागली ती राजाराम महाराजांना, 1689 नंतर, जिंजीहून. का? तिजोरीत पैसा नव्हता. लाइफटाइमची स्कीमही कंपनी बहुतेक तेव्हाच काढते, जेव्हा रोकड आजच हवी असते."

शेठ गप्प. गल्ल्यावरच्या महाराजांच्या तसबिरीकडे त्यांनी एकदा बघितलं.

"पटलं. वर्षाचे पैसे देतो, गणपतीनंतर. पण मग तू पगारी माणूस ना?"

"तसंच म्हणा."

"मग महिन्याला हजेरी लावायची. आलास की तो टीव्हीचा रिमोट बघ. फास्टॅगचंही काहीतरी अडकलंय. आणि धाकट्याचा बारावीचा फॉर्म भरायचाय, तो आजच भरून टाक."