मुलूखमैदान माहेरचं

पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन आम्ही दोघं एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये राहायला गेलो, तेव्हा नातेवाइकांनी "परत कधी?" एवढंच विचारलं. लॉजवाले जास्त खोलात शिरतात. गाडीत आंघोळीची सोय नाही, त्यामुळे अधूनमधून लॉज गाठावा लागतो. तिथल्या रजिस्टरात कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण, असे रकाने. मी 'ऐहोळे, बिदर, इतिहास' असं खरं ते लिहिलं, तर मॅनेजरनं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं. आता कारणाच्या रकान्यात 'लग्न' लिहितो. कुणी हरकत घेत नाही, आणि बायको बरोबर असल्यामुळे ते खोटंही नाही.

रोज हंपी नि पट्टदकल, काय मजा आहे तुमची, असं लोक म्हणतात. मजा आहेच, पण चालुक्यांच्या आधी पाण्याचे कॅन भरावे लागतात आणि दूध नासलं की विरूपाक्ष दुपारवर जातो. पुरातत्त्व खात्याची बहुतेक संग्रहालयं शुक्रवारी बंद, म्हणून आमचं मोठं धुणंही शुक्रवारी. खात्याच्या निळ्या पाट्या तर तोंडपाठ झाल्यात. मूळ कायदा 1958 चा; 2010 साली स्मारक विद्रूप करण्याचा दंड 5 हजारांवरून 1 लाखावर गेला, कैद 3 महिन्यांवरून 2 वर्षांवर. पाटीवरचा इतिहास मात्र होता तेवढाच, चार ओळींचा.

विजापूरच्या गोलघुमटात सज्जात भिंतीशी कुजबुजलं तरी पलीकडे 37 मीटरवर स्वच्छ ऐकू येतं. मुहम्मद आदिलशहाच्या 1656 सालच्या या कबरीत बायकोनं समोरच्या टोकावरून हळूच विचारलं, "अहो, गाडीची किल्ली घेतलीत ना?" मी उत्तर देण्याआधी शाळेच्या सहलीतली अख्खी रांग ओरडली, "घेतली!" घुमटानं ते पुन्हापुन्हा ऐकवलं. इतक्या जणांनी ग्वाही दिल्यावर खिसा चाचपायचं कारणच उरलं नाही.

खरा प्रसंग पुढे, शेर्झा बुरुजावर. मुलूखमैदान तोफ 1549 साली अहमदनगरात ओतली गेली. बायकोही नगरची. हे कळताच तिनं पंचावन्न टनांच्या त्या तोफेवरून मायेनं हात फिरवला. तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती. मी तिकडे निरखून पाहत होतो, तर म्हणाली, "बघता काय, नगरचं काम आहे!" तोफ आधी परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 साली विजापूरला आली, असं मी सांगितलं. "म्हणजे सासरच बदललं की बिचारीचं," असं म्हणून तिनं पदरानं तोफेवरची धूळ पुसली. कायद्यात धूळ पुसण्याला शिक्षा आहे का, ते पाटीवर नव्हतं.

पुढे गाइडनं 1854 सालचा लिलाव काढला. इंग्रजांनी तोफ विकायला काढली आणि 150 रुपयांची बोली लागली.

"पंचावन्न टनांचे दीडशे? आईनं तांब्याचा बंब मोडीत दिला, त्याचेसुद्धा याहून जास्त आले होते!"

गाइडला जणू तिनं बोली लावणाराच समजून धारेवर धरलं. शेवटी तो व्यवहार रद्द झाला, हे त्यानं घाईघाईनं सांगितलं तेव्हा कुठे ती गाडीकडे वळली. विजापूरला जाल तर तोफ जरूर पाहा. आणि नगरचं माणूस बरोबर असेल, तर लिलावाची गोष्ट गाइडला आधीच वगळायला सांगा.